गरम हवा कुणाच्या खिडकीत?

"अगं ऐकलीस का, तो डबा परत काढलालेत तिथनं!"

अक्कांची बातमी भिंतीपलीकडनं येते तेव्हा तिला मागचापुढचा संदर्भ नसतो. तो आपण जुळवून घ्यायचा. डबा म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट, आउटडोअर. तिथनं म्हणजे बसच्या पाठीवरनं. काढणारे म्हणजे समोरच्या सरांचा धाकटा आणि नई जिंदगी भागातला त्याचा मिस्त्री. एरवी आमच्या जुळे सोलापुरात एप्रिल-मेमध्ये गप्पांना विषय दोनच, पाणी कधी सुटणार आणि पारा किती चढणार. पारा ४३-४४ ला टेकला की पाण्याचाही विषय मागं पडतो. यंदा तिसरा विषय येऊन उभा राहिलाय, तोही पस्तीस फूट लांब.

"काढू दे की," मी म्हटलं. "मागं छतावरनं काढला तेव्हा तुम्हीच म्हणालात, बरं झालं."

"तेव्हा आमची केबल तुटली होती त्याच्यापायी. मालिका बुडाली माझी. पण पाठीवर होता तो चांगला होता की! तोंड त्या तिकडं होतं. आता कुठं लावतील काय ठाऊक."

या वाक्यातली काळजी मला तेव्हा कळली नाही. अक्कांना आधीच कळली होती.

सरांना तुम्ही ओळखत नसाल म्हणून सांगते. हायस्कुलातनं निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस, जन्मभर सायकलवर. धाकटा पुण्याला नोकरीत होता. दिवाळीला आला तो परत गेलाच नाही, आणि संक्रांतीत, ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत, एक जुनी ट्रॅव्हल्सची बस घेऊन दारात हजर. बाईंना, म्हणजे सरांच्या बायकोला, वाटलं पाहुणे आले सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणून त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. आतनं उतरला एकटा धाकटा.

बेत तसा वाईट नाही, हे मी अक्कांनाही सांगितलं. बसचं फिरतं घर करायचं. मागं झोपायला बर्थ, मधे ओटा, एक लहानशी मोरी. आठ माणसांचं कुटुंब उचलायचं आणि अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर करून आणायचं. म्हाताऱ्या माणसांना लॉजचे जिने नकोत, पोराबाळांना रात्री-अपरात्री खोली शोधत फिरणं नको. सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलंय. धाकट्यानं त्याची प्रत छापून आणली होती. बाईंनी ती वाचली नाही, पण देव्हाऱ्याच्या कपाटात नीट ठेवली.

बसमधल्या पुशबॅकच्या सीटा निघाल्या तेव्हा भंगारवाला किलोचा भाव सांगायला लागला. सर म्हणाले, त्यापेक्षा गल्लीत वाटून टाक. त्यामुळं आता आमच्याकडं प्रत्येक व्हरांड्यात एकेक जोडसीट आहे. संध्याकाळी सगळी गल्ली अशी रेलून बसलेली असते, जणू ड्रायव्हर चहा पिऊन यायचा बाकी आहे. अक्कांच्या मालकांना, म्हणजे आमच्या काकांना, खिडकीशेजारची मिळाली. ती त्यांनी भिंतीला लावून मांडली. काका एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेले. बस या विषयावर त्यांच्यापुढं कुणी बोलू नये, असा नियम आहे आणि तो सगळे मोडतात.

"एसटीचीच जुनी गाडी घ्यायची की," मी एकदा म्हटलं. "लिलावात स्वस्त मिळाली असती."

"कुणी दिली असती?" काका म्हणाले. "सरकारी गाडी, महामंडळाची गाडी पंधरा वर्षांची झाली की १ एप्रिल २०२३ पासनं तिची नोंदणीच पुढं होत नाही. थेट भंगार. रस्त्यावर यायचं नाव नाही तिचं."

"पुण्यात पीएमपीच्या जुन्या बसची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली होती ना?"

"ती २०१६ ची गोष्ट. आणि त्या एका जागी उभ्या. ह्याला पंढरपूरला जायचंय."

"ते स्वच्छतागृहाचं मात्र जास्त कामाचं होतं," अक्का आतनं ओरडल्या. त्यांचं हे मत मी बिनशर्त मान्य केलं. विजापूर रोडला कामानिमित्त दिवसभर उभ्या राहणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

बसला मुळात एसी होताच. छतावर चपटं, लांबरुंद धूड होतं त्याचं. तेच ठेवलं असतं तर हे सगळं महाभारत झालं नसतं, असं मला वाटायचं. काकांनी एका वाक्यात निकाल लावला. तो एसी इंजिनाचा नोकर आहे, म्हणाले. इंजिन फिरलं की पट्टा फिरतो, पट्ट्यावर कॉम्प्रेसर फिरतो. मोठ्या बसला आठ-दहा टनांचा एसी लागतो, कारण चाळीस माणसं, दोन्हीकडं काचा, दार सारखं उघडतंय. धावत्या गाडीत ते शोभतं. पण तुळजापूरच्या पार्किंगमध्ये आठ माणसं झोपवायची तर रातभर इंजिन घरघरत ठेवावं लागणार. "डिझेलचा खर्च राहू दे बाजूला, शेजारचे गाडीवाले पहाटेपर्यंत दगड घालतील."

म्हणून धाकट्यानं ते धूड उतरवलं, भोकाला पत्रा मारला आणि घरात लावतात तसले दीड-दीड टनाचे दोन स्प्लिट एसी आणले. गाडी घरी असली की घरच्या विजेवर, बाहेर असली की जनरेटरवर. आतले पांढरे डबे कुठं लावायचे हे त्यानं सोफ्याच्या रंगाआधी ठरवलं होतं. बाहेरच्या डब्यांचा विचार सोफा आल्यावर सुरू झाला.

पहिली जागा छत. जुना एसी तिथंच होता, म्हणून हेही तिथंच. पण तो होता चपटा आणि हा आउटडोअर उभा, दोन फुटांचा. बस उभी असते अक्कांच्या घराला लागून असलेल्या सरांच्या मोकळ्या प्लॉटवर. तिथनं बाहेर काढताना पहिल्याच दिवशी लिंबाची फांदी गेली आणि पाठोपाठ केबल. गाडीची उंची किती असावी याला कायदा आहे, ते वेगळंच. त्यात भर म्हणजे सोलापूरचं ऊन. तापल्या पत्र्यावर बसवलेल्या डब्यानं उष्णता टाकायची कुठं? तो खालनं भाजला जात होता आणि वरनंही.

दुसरी जागा पाठ. मागच्या भिंतीला लोखंडी अँगल मारून दोन्ही डबे तिथं टांगले. दिसायला छान दिसत होतं. मग धाकट्यानं सैफुलपर्यंत एक चक्कर मारली आणि आल्यावर एका एसीतनं नुसताच वारा. काका गेले, पाना मागितला नाही, साबणाचं पाणी मागितलं. नटावर फेस लावला तर बुडबुडे. गॅस तिथनं निघून गेलेला.

"चाकामागचा जो भाग असतो ना, तो सगळ्यात जास्त उडतो," काका मला सांगत होते. "एसटीत शेवटच्या सीटवर बसलीस कधी? बसली असशील तर मला समजवायची गरज नाही. तांब्याची नळी घराच्या भिंतीवर बसायला केलेली असते. भिंत हलत नाही. गाडीच्या एसीला रबरी होज असतात ते उगाच नाही. ह्यानं तांब्याची नळी ताठ ओढून नट आवळला. दोन खड्ड्यांत नट सैल. आणि मागचा धूर, धूळ सगळी त्याच्या जाळीत. बघ जाऊन, जाळी दिसत नाही."

मी बघून आले. खरंच दिसत नव्हती.

तर ही झाली डबा परत काढण्यामागची हकीकत. काढताना मात्र मी भिंतीपाशी खुर्ची घेऊन बसले, कारण मिस्त्री हातानं जे करतो ते बघण्यासारखं असतं. बिघडलेल्या एसीत काही उरलं नव्हतं, पण दुसरा चांगला होता आणि त्याचा गॅस वाया घालवायचा नव्हता. मिस्त्री त्याला गॅस लॉक करणं म्हणतो. एसी गार चालू ठेवायचा. बाहेरच्या डब्याच्या कडेला दोन नळ्या येतात, एक बारीक, एक जाड. बारीक नळीच्या तोंडावरची टोपी काढून आत सहा कोनांची चावी घालायची आणि झडप बंद करायची. आता गॅस आत जायचा थांबला, पण कॉम्प्रेसर ओढतोच आहे. मिस्त्री उकिडवा बसून, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होता. सुरुवातीला घूं असा भरलेला आवाज, मग हळूहळू तो पोकळ होत गेला. त्या पोकळ आवाजावर त्यानं जाड नळीची झडप बंद केली, लगेच हात वर केला, आणि आतनं धाकट्यानं बटण बंद केलं. सगळा गॅस बाहेरच्या डब्यात कोंडला गेला. मग नट सोडताना एवढंसं फुस्स झालं, बस.

"जास्त वेळ चालवला तर कॉम्प्रेसर बसतो, काकी," तो मला म्हणाला. "कमी चालवला तर गॅस जातो. कानानं कळतं."

मुंबईत सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅनवर काम केलंय, असंही त्यानं सांगितलं. खरंखोटं त्याला माहीत. पण व्हॅनिटी व्हॅन हे प्रकरण हिंदी सिनेमात पूनम धिल्लोंनी आणलं, हे मी वाचलेलं होतं, ते मी त्याला ऐकवून बरोबरी साधली. अक्कांना पूनम धिल्लों आवडते, त्यामुळं अर्धा तास तिकडं गेला.

तिसरी जागा डिकी. बसच्या पोटात, सामान ठेवायचं तिथं. खाली आहे, हलत कमी, ऊन नाही, दिसतही नाही. धाकट्यानं दोन्ही डबे आत ढकलले, डिकीचं दार लावलं आणि एसी सुरू केला. पंधराएक मिनिटं बाईंनी आत बसून गार वारा खाल्ला. मग एसी बंद पडला. थोड्या वेळानं सुरू झाला, परत बंद.

त्या संध्याकाळी भिंतीपाशी सगळी गल्ली जमली. कोपऱ्यावरचे आजोबाही आले, काठी टेकत. काका आपल्या सीटवर मागं रेलले आणि म्हणाले, "लोकांना वाटतं एसी गारवा तयार करतो. गारवा कुणाला तयार करता येत नाही. एसी हमाल आहे. आतली उष्णता पाठीवर घेतो आणि बाहेर टाकतो. टाकायला जागाच नसली तर हमाल बसणारच की खाली."

मग त्यांनी हिशेब मांडला. टन हा शब्द बर्फावरनं आलाय. अमेरिकन टनाचा, म्हणजे साधारण ९०७ किलोचा बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता एक टनाचा एसी उचलतो. दीड टनाचा एसी म्हणजे सव्वापाच किलोवॉटच्या आसपास. त्यात त्याची स्वतःची वीज मिळवा, दीडेक किलोवॉट. म्हणजे बाहेरचा डबा पावणेसात किलोवॉट उष्णता फेकतो. "दोन हजार वॉटचे तीन गिझर चालू करून डिकीत ठेवलेत आणि वर चौथा अर्धवट. एका डब्याचं सांगतोय. तुम्ही दोन ठेवलेत." शिवाय बाहेरची हवाच ४३ ची. तिच्यात उष्णता टाकायची तर डब्यातली नळी तिच्यापेक्षा बरीच जास्त तापायला हवी, पन्नास-साठपर्यंत. स्वतःच टाकलेली गरम हवा परत ओढली तर दाब चढतो आणि एसी स्वतःला वाचवायला बंद पडतो. बिघडलेला नाही तो, शहाणा आहे.

आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. ती मिल बंद पडली तरी ते अजून वेळ सांगताना पाळीनं सांगतात. ते म्हणाले, "मिलमध्ये पण हवा थंड ओली ठेवायचे. फवारे होते. सूत कोरडं पडलं की तुटतंय. माणसाला घाम आला तरी चालतंय, सूत तुटायला नको."

मला यावरनं आठवलं. १९०२ मध्ये अमेरिकेत विलिस कॅरिअरनं एसीची मूळ यंत्रणा मांडली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांवर रंग बसायचे नाहीत, म्हणून. मी हे सांगितल्यावर आजोबा हसले. "बघा, कागदासाठी. आमच्याकडं सुतासाठी. माणसाचा नंबर शेवटी."

काकांनी लगेच एसटी आत आणली. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी सुटली तिला काय एसी होता? १९८२ च्या एशियाडच्या गाड्या दादर-पुण्याला धावायला लागल्या, लोक नवस बोलल्यासारखे त्यात बसायचे, त्यांनाही नव्हता. खिडकी हाच एसी. शिवनेरी आली २००२ ला, शिवशाही २०१७ ला. "पन्नास-पंचावन्न वर्षं महाराष्ट्र खिडकीवर चालला," काका म्हणाले. धाकटा नम्रपणे म्हणाला, "पण काका, आता गिऱ्हाईक खिडकीवर चालत नाही." ते खरंच होतं.

तर हिशेब ऐकून धाकट्यानं दुसऱ्या दिवशी डिकीच्या दाराला जाळी कापली. डाव्या बाजूला. ती बाजू कुठं येते? अक्कांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मधे जेमतेम पाच फूट.

अक्कांची ती सुरुवातीची काळजी आता तुमच्या ध्यानात येईल.

पहिल्या रात्री अक्का भाकरी थापत होत्या. सोलापूरचा मे महिना, समोर चूल म्हणजे गॅस, आणि खिडकीतनं तो गरम झोत. त्यांनी खिडकी लावली तर आत वाफ, उघडली तर बाहेरनं वाफ. सकाळी बघतात तर कुंडीतला कढीपत्ता करपलेला. अक्कांनी सरांच्या दाराशी जाऊन आवाज चढवला नाही. तसं त्या करत नाहीत. त्या माझ्याशी भिंतीवरनं बोलल्या, पण आवाज असा लावला की पलीकडं बाईंना प्रत्येक शब्द मिळावा. "आमच्या खिडकीतनं दुसऱ्याचा गारवा जातोय हो! ह्यांना थंडी पाहिजे, त्याचं बिल आम्ही घामानं भरायचं!" बाईंनी पण उत्तर मला दिलं, रस्ता ओलांडून, माझ्याच दाराशी उभं राहून: "उन्हाळा काय आमच्या पोरानं आणलाय का?" मी दोघींच्या मधे. मला त्या दिवशी शेंगाची चटणी दोन्ही घरांतनं आली. दोन्हीकडचं लसूण मन लावून कुटलेलं होतं.

गंमत पुढं आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी अक्कांच्या खिडकीखाली मला एक खाट दिसली. खाटेवर पांढरी चादर, चादरीवर कुरडया. आणि जाळीतनं येणारा झोत नेमका त्यांच्यावर. कोरडी, तापलेली, एकसारखी हवा. धूळ नाही, कावळा नाही, राखणीला पोर बसवायला नको. एरवी दोन-तीन उन्हं खाणाऱ्या कुरडया संध्याकाळी खडखडत होत्या. दुसऱ्या दिवशी सांडगे आले. त्याच्या पुढच्या दिवशी शेजारणीचे पापडही आले, आणि अक्का बाईंना विचारून आल्या, "आज एसी किती वाजता लावणार?"

त्यामुळं धाकट्यानं जागा बदलायचं पुन्हा ठरवलं तेव्हा सगळ्यात मोठा विरोध अक्कांचा झाला. "अर्धे पापड ओले आहेत माझे," त्या म्हणाल्या. मिस्त्रीला थांबवून ठेवलं त्यांनी, चहा पाजून.

पण जागा बदलायचं कारण कढीपत्ता नव्हतं आणि पापडही नव्हते. ते काका होते. एका सकाळी ते सीटवरनं उठले, प्लॉटवर गेले आणि डिकीत वाकून बघितलं. डिकीतनं वर आत जाणारी वायर एका कच्च्या कापलेल्या भोकातनं गेली होती, पत्र्याची धार थेट वायरीवर. शेजारीच जनरेटर ठेवायची जागा आखलेली. काका तिथनंच धाकट्याला म्हणाले, खाली ये. ते एवढं हळू बोलले की गल्ली गप्प झाली.

१४ ऑक्टोबर २०२५ ला जैसलमेरहून जोधपूरला निघालेली खाजगी बस पेटली आणि वीसहून जास्त माणसं गेली, हे आपण सगळ्यांनी वाचलंय. ती गाडी नोंदली होती साधी, एसी तिला नंतर बसवलेला, असं पुढं आलं. काका वर्तमानपत्रातलं ते कात्रण ठेवून आहेत. आणि डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याजवळ रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून झोपले होते. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तळाच्या भोकातनं आत आला. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही.

"तू आठ माणसं झोपवणार," काका म्हणाले. "त्यातली चार म्हातारी. भोक दिसलं की मला ते दोघं दिसतात."

धाकट्याचं त्या दिवसापासनं ऐकणं सुधारलं, असं बाईंचं म्हणणं. आणि मीही सांगते, इतके दिवस मी हा सगळा तमाशा म्हणून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला पोराची काळजी वाटली.

मग काम नीट झालं. आधी छप्पर. पत्र्याच्या आत फोमचे जाड थर, बाहेरनं पांढरा रंग. पांढऱ्या रंगाची सूचना बाईंची. आपल्याकडं उन्हाळ्यात गच्चीला चुना मारतात, मग बसला का नको, इतकं साधं. आत मधोमध पडदा. गाडी इतकी बदलली की झोपायच्या भागाला दीड टनाचा एकच एसी पुरला, पुढं पंखे. दुसरा एसी सरांच्या बैठकीत गेला. सर म्हणतात मला नको होता, पण दुपारी त्यांच्या घराचं दार आता बंद असतं.

उरला एक डबा. तो डिकीतच राहिला, पण उजव्या बाजूला, तोंड बाहेर करून. डाव्या बाजूच्या जाळीतनं हवा आत येणार, उजवीकडनं गरम होऊन बाहेर जाणार, आणि मधे डब्याभोवती पत्र्याची भिंत बसवून फट बुजवली, म्हणजे टाकलेली हवा परत ओढली जाणार नाही. खाली जाड रबराच्या गाद्या. तांब्याच्या नळीला ताठ न ओढता दोन वेढे दिले, धक्का त्या वेढ्यात जिरावा म्हणून, आणि हातभर अंतरावर चिमटे. जोडल्यावर मिस्त्रीनं व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली, मगच कोंडलेला गॅस सोडला. वायर नळीतनं, भोकाला रबरी कडी, स्वतंत्र एमसीबी. जनरेटर अगदी मागं वेगळ्या पेटीत, त्याचा धूर छताच्या वर नेऊन सोडला, तळातलं प्रत्येक भोक बुजवलं आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा लावला. काका भोकं शोधायला रात्री आत दिवा लावून बाहेर जमिनीवर आडवे झाले होते. अक्का म्हणाल्या, "एवढं कधी माझ्या घरातलं गळकं छप्पर बघितलं नाही ह्यांनी."

उजवी बाजूच का, हे मी विचारलं. दार डाव्या बाजूला, माणसं खुर्च्या टाकून चहा प्यायला डावीकडंच बसणार, म्हणून गरम हवा उजवीकडं. काकांनी एवढं सांगितलं आणि मान डोलावली.

"आणि पार्किंगमध्ये उजवीकडं जी गाडी उभी असेल तिच्यातल्यांनी काय करायचं?" अक्कांनी विचारलं.

काका जरा थांबले. "त्यांनीही आपली उजवीकडं सोडायची."

"आणि शेवटच्यानं?"

यावर काका काही बोलले नाहीत. मला वाटतं या प्रश्नाला उत्तर नाही. आमच्याच गल्लीत आता नऊ घरांना एसी आहेत आणि नवाच्या नवांचे डबे दुसऱ्याच्या खिडकीकडं तोंड करून बसलेत. माझाही त्यात आला. तो अक्कांच्या न्हाणीघराकडं आहे, आणि अक्कांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. बहुतेक तिथं काहीतरी वाळत असणार.

गाडी अजून रस्त्यावर गेलेली नाही. मूळ गाडीत असा फेरफार केला की आरटीओची मंजुरी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे त्याला. कॅराव्हॅनसाठी तर एआयएस १२४ म्हणून वेगळी मानकंच आहेत. बर्थ कसे असावेत, बाहेर पडायची वाट कशी असावी, सगळं त्यात लिहिलेलं. हे आधी वाचलं असतं तर निम्मी तोडफोड वाचली असती, असं सर म्हणतात, तेही एसीत बसून. कागद दिलेत, तपासणीची तारीख मिळायची आहे.

तुमच्यापैकी कुणी जुनी बस घेऊन असलं काही करायच्या बेतात असेल, तर सोफा घ्यायच्या आधी आमच्या काकांना येऊन भेटा. संध्याकाळी सहानंतर ते भिंतीपाशी सीटवर असतात, सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. फक्त पाणी सुटायच्या दिवशी येऊ नका.